काका, तुमच्या यादीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम जय भीम.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पण ऐरोलीत आमच्या सेक्टरच्या बागेत संध्याकाळी साडेपाचनंतर फिरायला येणाऱ्यांना हे पत्र कुणाला आहे ते कळेलच. घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

परवाच्या रविवारी आमच्या ऑनलाइन वाचनगटाने तुमच्या यादीतलं सहावं पुस्तक संपवलं. अकरा जण आम्ही: वाशी, घणसोली, कोपरखैरणे, कळवा, नौपाडा, घोडबंदर रोडवरचे दोघं. लॉकडाऊनमध्ये सुरू केलेला गट अजून टिकलाय याचं मलाच नवल वाटतं. गेल्या वर्षी ठरवलं की एक पूर्ण वर्ष काळ्या लेखकांची पुस्तकं वाचायची. निवड माझ्याकडे आली. मी इंटरनेटवर चार याद्या पाहिल्या, त्यातली सगळ्यांत जास्त वेळा आलेली सात नावं उतरवली आणि तुम्हाला दाखवायला आणली. कौतुक होईल असं वाटलं होतं.

तुम्ही चष्मा वर करून यादी दोनदा वाचलीत आणि विचारलंत, "यात कुणाचं लग्न होतं का गं? कुणी हसतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. सातही पुस्तकं अमेरिकेतली. चार गुलामगिरीवर, दोन पोलिसांच्या गोळीवर, एक तुरुंगावर. पुस्तकं वाईट नव्हती, तसं तुम्हीही म्हणाला नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, "आमच्या दलित आत्मकथनांचं लोकांनी हेच केलं. वाचली, हळहळले, कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची जखम." मग बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत. त्या शांततेत मला पहिल्यांदा दिसलं की मी माणसं निवडलीच नव्हती, त्यांच्यावर झालेले अत्याचार तेवढे निवडले होते.

त्यानंतरचे तीन शनिवार तुम्ही मला दिलेत. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत रात्रपाळी करताना वाचलेली पुस्तकं तुम्ही पिशवीतून आणायचात, सगळी खाकी कव्हर घातलेली. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूला तुम्ही नावं लिहिलीत. प्रत्येक नावापुढे तुमच्या बारीक अक्षरात तीन गोष्टी: कुठल्या गावचं, किती पानांचं, आणि कुणाला सांगतोय. हा तिसरा रकाना मला आधी समजला नव्हता. लेखक आपल्याच माणसांशी बोलतोय की बाहेरच्यांना समजावून सांगतोय, हे आता मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की पाहते, मराठीसुद्धा.

पहिल्या रविवारी कादंबरी उघडायच्या आधी एक पान वाचायला लावलंत ते जोतीराव फुल्यांचं. 'गुलामगिरी', १८७३. ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ च्या डिसेंबरात, आणि आठ वर्षांत पुण्यातला एक माणूस त्या लढ्याकडे बोट दाखवून आपल्या देशबांधवांना सांगत होता की शूद्रांच्या बाबतीत तुम्हीही हेच करा. अकरांपैकी नऊ जणांनी ते पान कधी पाहिलं नव्हतं. मीही त्यात होते. शाळेत पुस्तकाचं नाव पाठ केलं होतं, एका गुणासाठी.

त्याच रात्री तुमचा निरोप म्हणून मी गटाला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेलं होतं त्याची प्रत त्यांना हवी होती, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचं नाव आलं अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून. कळव्याचा आमचा इंजिनियर म्हणाला, "म्हणजे आपण लांबचं काही वाचत नाही आहोत." तुम्हाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, पण बरं वाटल्याचं ऐकू आलं.

शब्दाचा प्रश्न तुम्हीच सोडवलात. काय म्हणायचं यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. 'कृष्णवर्णीय' वर्तमानपत्री वाटतं, 'काळे' म्हणायला काहींना संकोच, आणि तुमच्या पिशवीतल्या जुन्या मराठी पुस्तकांत तर सर्रास 'निग्रो'. तुम्ही सांगितलंत की तो शब्द तेव्हा ते लेखक स्वतःही वापरत, पुढे त्यांनीच तो टाकला, म्हणून आपणही टाकायचा. माणसं स्वतःला काय म्हणवतात ते विचारायचं. 'दलित' हा शब्दसुद्धा कुणी दिलेला नाही, आम्ही तो उचलला आणि ताठ मानेने वापरला, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून आम्ही 'काळे लेखक' म्हणतो आणि 'ब्लॅक'ही म्हणतो, आणि अडखळत नाही.

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) तुम्ही पहिली ठेवलीत त्याचं कारण वाचताना कळलं. पंचवीस प्रकरणांतली पहिली तेरा म्हणजे नायजेरियातलं एक इग्बो गाव आहे: सुरणासारख्या यामची लावणी, कुस्त्या, पाहुण्यापुढे ठेवलेला कोला नट, म्हणी. गोरा मिशनरी गावात येतो तो त्यानंतर. वधूमूल्य ठरवायला दोन्हीकडचे पुरुष बसतात आणि आकडा तोंडाने न बोलता काड्यांची जुडी पुढे-मागे करतात, काड्या वाढतात, कमी होतात. ते वाचून आमच्या गटातल्या अलिबागकडच्या ताई बैठकीच्या देण्याघेण्याबद्दल अर्धा तास बोलल्या. तिकडे पैसे मुलाकडचे देतात यावर वेगळी चर्चा झाली. आधी गाव आपलंसं झालं होतं, म्हणूनच ते मोडताना इतकं लागलं. माझ्या यादीने सुरुवात मोडण्यापासून केली असती.

अमेरिकेतल्या काळ्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मधल्या बोलीला आम्ही सगळे घाबरलो होतो. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. घणसोली गावातल्या आमच्या दादांनी पहिली चार पानं वाचली आणि थांबून म्हणाले, शाळेत मी आगरी बोललो की हसायचे, म्हणून मी घरीसुद्धा बोलायचं सोडलं. या बाईने कादंबरीतले सगळे संवाद लोकांच्या तोंडच्या भाषेत उभे केले आणि तिला कसली लाज वाटली नाही. त्या रात्री मग पुस्तक बाजूलाच राहिलं, दादा आणि त्यांची आई आगरीत गाणी म्हणत राहिले. शेवटाकडच्या वादळाच्या आणि पुराच्या प्रकरणाला २६ जुलै २००५ निघणारच होता, तो निघाला.

या पुस्तकाबद्दल तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. रिचर्ड राइटसारख्या मोठ्या काळ्या लेखकालाच ते आवडलं नव्हतं. यात काही संदेश नाही, असं त्यांचं म्हणणं. एका बाईचं प्रेम, ओसरीवरच्या गप्पा, हशा, हे पुरेसं गंभीर नव्हतं. हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत गेल्या, थडग्यावर नावही नव्हतं. १९७३ मध्ये काळ्या लेखिका ॲलिस वॉकर फ्लोरिडात जाऊन गवतात ते थडगं शोधत फिरल्या आणि त्यावर दगड बसवला. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता, काका. आपल्याकडे कुणाकुणाची थडगी अशी गवतात आहेत, त्यांची नावं तुम्ही घेतलीत. मी ती लिहून ठेवली आहेत.

अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनावर मी फार लिहीत नाही, कारण त्यावर तुम्ही स्वतः फोनच्या स्पीकरवरून बोललात आणि ते सगळ्यांनी ऐकलंय. मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली, मालकाने बंद पाडली, आणि हा पोरगा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन अक्षरं शिकला. तुम्ही फक्त दोन सनं शेजारी ठेवलीत: ते पुस्तक १८४५, पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीसाठी हे पुस्तक फुकट मिळतं, हेही तुम्ही आधीच पाहून ठेवलं होतंत. विकत घेणं कुणाला जड जाईल याचा विचार मी केलाच नव्हता.

मारियामा बा यांचं 'सो लाँग अ लेटर' (१९७९) शंभरेक पानांचं. सेनेगलमधली एक शिक्षिका, नवरा वारलाय, सुतकात बसून मैत्रिणीला पत्र लिहिते. त्याच नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं असतं. भेटायला येणारे पैसे देतात आणि ते सासरचे घेऊन जातात, हे आलं तेव्हा कोपरखैरण्याच्या आमच्या मैत्रिणीने वाचन थांबवायला सांगितलं. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. ती म्हणाली, "आमच्याकडे तेराव्याला कुणी किती पाकीट दिलं त्याची वही आधी उघडली. मला कुणी जेवलीस का विचारलं नव्हतं." इतक्या रविवारांत तिने स्वतःबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं. नंतर तिने उरलेली सगळी पानं एकटीने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं की हे पुस्तक यादीत घालताना तुमच्या मनात ती होती का. तुम्ही म्हणालात, अशी एक तरी प्रत्येक गटात असतेच.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' माझ्या यादीत पहिली होती. तुम्ही ती काढून 'सुला' (१९७३) दिलीत. दोन मैत्रिणींची गोष्ट, छोटी. आधी तिच्या वाक्याची सवय होऊ द्या, म्हणालात. बरोबर होतं. टांझानियात वाढलेल्या अब्दुलरझाक गुर्ना यांची 'पॅराडाइज' (१९९४) मात्र सगळ्यांना सारखी आवडली नाही, मलाही मध्येच रेंगाळल्यासारखी वाटली. पण बापाच्या कर्जापायी व्यापाऱ्याकडे गहाण पडलेला तो युसुफ वाचून वेठबिगारीवर जे बोलणं झालं ते अजून गटावर चालू आहे. आणि पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर आपल्याकडचे व्यापारी भेटले तेव्हा कुणीतरी विचारलं, मग तिकडचे लोक इकडे नाही आले? तुमचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: जंजिरा कुणाचा होता? हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी कसा झाला?

या वर्षात एक जण गट सोडून गेले. पुस्तकं वाचायला आलो होतो, जात कशाला काढता, असं त्यांनी लिहिलं. मला फार वाईट वाटलं, त्यांना लांबलचक उत्तर लिहून मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, पाठवू नकोस, दार उघडं ठेव, आणि पुढच्या रविवारची पानं ठरव. मी ते उत्तर पाठवलं नाही. बरं केलं.

तुमच्या गुडघ्यांना, डोळ्यांना त्रास असताना तुम्ही सहाच्या सहा पुस्तकं आमच्यासाठी पुन्हा वाचलीत, हे मला काकूंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. पट्टी ओळीखाली धरून, रोज दहा पानं. काका, त्याचे आभार कसे मानायचे मला माहीत नाही. मनापासून मानते.

अचेबेंची तुमची प्रत परत आणते आहे. खाकी कव्हर नवीन घातलंय, समासातल्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणांना हात लावलेला नाही. शनिवारी साडेपाचला बागेत येते. जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान मी ठेवून दिलंय, मागची बाजू कोरी आहे. 'बिलव्हेड' आता लावायची का, ते ठरवू. आणि या वेळी आपल्याकडच्या गवतातल्या नावांपैकी कुणापासून सुरू करायचं, तेही.

तुमची,
बी विंगमधली