अर्ध्या गुंठ्यातल्या घरांना उजेड हवा

संपादक महोदय,

सोलापुरात आमची जागा अर्धा गुंठा. 18 बाय 30 फूट, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. बांधायच्या वेळी गवंड्याने विचारलं, खोल्या किती? आम्ही म्हटलं, बसतील तेवढ्या. एकामागे एक तीन खोल्या झाल्या. मधल्या खोलीत भर दुपारी बल्ब लावावा लागतो. मी शिलाईकाम करते; काळ्या कापडावर काळा दोरा असला की मशीन सोडून दारात येऊन बसते.

तीन वर्षांपूर्वी नणंदेने एवढ्याच जागेत घर बांधलं. ओळखीतल्या एका इंजिनीअर मुलीने मधोमध 4 बाय 5 फुटांचा, वरून उघडा चौक सोडायला लावला. सासरे अडून बसले होते, वीस फूट जागा वाया जाते म्हणून. आता त्यांची खाट त्या चौकाच्या कडेलाच असते. चौकाखाली हौद आहे, गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरतं. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात याची किंमत मी काय सांगू!

नणंदेच्या घराच्या भिंती नऊ इंचीच, पण विटा आडव्या न घालता धारेवर उभ्या लावल्या आणि आत पोकळी ठेवली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही पद्धत. विटा जवळपास चौथाईने कमी लागतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. गवंडी पहिल्या दिवशी निघूनच चालला होता. दोन थर स्वतः लावल्यावर त्याचा हात बसला. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं भरतीचं. त्या जागी जुन्या घराची मंगलोरी कौलं बसवली, तेवढं सिमेंट वाचलं. मे महिन्यात तिच्याकडे दुपारी झोप लागते.

प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे आणि राज्याचे मिळून 2.5 लाख रुपये मिळतात. जोत्याचा, स्लॅबचा फोटो दिला की हप्ता येतो. मधल्या खोलीत उजेड कुठून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. गरिबाला नकाशासाठी आर्किटेक्ट परवडत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: महापालिकेने अर्ध्या आणि एका गुंठ्याच्या जागेसाठी चौक असलेले चार-पाच नकाशे तयार करून, मंजूर करून प्रत्येक विभागीय कार्यालयात फुकट ठेवावेत. आणि वर्षातून एकदा गवंड्यांना बोलावून अशी एक पोकळीची भिंत त्यांच्याच हातून बांधून घ्यावी.

– शिलाईकाम करणारी एक वाचक, सोलापूर