वेगाच्या आकड्याने नेम साधत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकारीच्या कम्पाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ३०० फूट प्रति सेकंदापेक्षा कमी वेगाचे धनुष्य घेण्यात अर्थ नाही, असे ठामपणे म्हटले आहे. आम्हाला ते पटत नाही. जिथे कायद्याने धनुष्याने शिकार करता येते, तिथे बाण नेमका लागणे आणि पुरेसा आत जाणे ह्या दोन गोष्टी आधी पाहायच्या असतात. त्या सांभाळून जो वेग मिळेल तो घ्यावा.

मुळात जाहिरातीतला आकडा आपल्या हातातल्या धनुष्याचा नसतोच. तो मोजताना ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर) ७० पौंड, ड्रॉ लेंग्थ (दोरी किती लांब ओढली जाते ते अंतर) ३० इंच आणि बाण ३५० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक), म्हणजे पौंडामागे ५ ग्रेन, असे धरतात. समजा धनुष्यावर ३४० लिहिले आहे आणि घेणाऱ्याची ड्रॉ लेंग्थ २८ इंच, ड्रॉ वेट ६० पौंड, बाण ४२० ग्रेन आहे. ड्रॉ लेंग्थच्या इंचाला सुमारे १० फूट प्रति सेकंद जातात, म्हणजे २० गेले. १० पौंड कमी झाल्याचे आणखी सुमारे २०. बाणाच्या दर ३ ग्रेनला साधारण १, म्हणजे ७० ग्रेनचे २३. दोरीवरचा पीप (नेम धरताना ज्यातून पाहतात ती कडी), डी-लूप (दोरी ओढायचा फास) आणि आवाज दाबणारे गोंडे मिळून ५ तरी खातात. उरले २७२. धनुष्यात काहीही बिघाड नाही, आकडा असाच असतो. आपल्या तक्त्यात वेगाशेजारी बाणाचे वजन आणि ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतले अंतर) दिली असती तर वाचकाला हे तिथल्या तिथे कळले असते.

आता हेच धनुष्य ३३० ग्रेनच्या हलक्या बाणाने ३०० पर्यंत नेता येते. फायदा काय होतो? वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० या सूत्राने हलक्या बाणाची ऊर्जा ६६ फूट-पौंड येते, जड बाणाची ६९. वेगाला वर्ग असूनही जड बाणच पुढे राहतो, कारण जड बाण धनुष्यातली ऊर्जा जास्त प्रमाणात उचलतो. हलका बाण सुटला की उरलेली ऊर्जा फाळ्यांच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंच्या) थरथरीत आणि आवाजात जाते. संवेगाचा (वजन गुणिले वेग) फरक तर आणखी मोठा आहे: ०.४४ विरुद्ध ०.५१, आणि बरगडीशी गाठ पडली की बाण किती आत जाईल हे बऱ्याच अंशी संवेगावर ठरते. पौंडामागे ५ ग्रेनच्या खाली तर जाऊच नये. बाण न लावता दोरी सोडल्यासारखा ताण कॅम (टोकांची चाके), केबल आणि फाळ्यांवर येतो.

वेगवान बाण सपाट जातो आणि अंतराचा अंदाज चुकला तरी चालते, हा लेखातला मुख्य युक्तिवाद. तो खरा आहे, फक्त किती खरा ते मोजून पाहा. हवेचा विरोध सोडून ढोबळ हिशेब केला तर ४० यार्डांवर ३०० चा बाण सुमारे ३१ इंच पडतो आणि २७२ चा सुमारे ३८ इंच. पण पिन (साईटवरची नेम धरायची खूण) त्या अंतरासाठी बसवलेली असते, त्यामुळे एवढी पडझड चुकीत येत नाही. ४० यार्डांवरचे लक्ष्य ३७ यार्डांचे समजून सोडले, तर वेगवान बाण २.३ इंच खाली लागेल आणि संथ बाण २.८ इंच. फरक अर्ध्या इंचाचा. पाच यार्ड चुकले तरी तो पाऊण इंचाच्या आसपासच राहतो. लेझर रेंजफाइंडर वापरणाऱ्याला तर तोही उरत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की हरिण दोरीच्या आवाजाने दबायच्या आत बाण पोहोचतो. ३० यार्डांवर आवाज ०.०८ सेकंदात पोहोचतो, ३०० चा बाण ०.३० मध्ये आणि २७२ चा ०.३३ मध्ये. आवाज दोघांच्याही कितीतरी आधी तिथे असतो. त्या तीन शतांश सेकंदांपेक्षा धनुष्य शांत असणे अधिक कामाचे, आणि जड बाणाने धनुष्य शांतच होते.

वेगाची किंमत नेमात कुठे मोजावी लागते, ते लेखात आलेलेच नाही. ब्रेस हाइट ७ इंचांवरून ६ वर आणली की वेग साधारण १० ने वाढतो, पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि तेवढा वेळ हाताची प्रत्येक चूक त्यात उतरते. वेगासाठी ड्रॉ लेंग्थ अर्धा-एक इंच वाढवून घेणे ही तर नेहमीची खोड. मग दोरी कोपराखाली हातावर घासते आणि खांदा वर चढतो. बाण डावी-उजवीकडे पसरतात ते वेगळेच. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचे इंच मोजा, २.५ ने भागा, त्या आकड्यापासून सुरुवात करा.

ड्रॉ वेटची परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसून पाय जमिनीपासून उचलावेत आणि धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ मागे ओढावे. ३० सेकंद पिन लक्ष्यावर ठेवून सावकाश परत सोडता आले पाहिजे. जमत नसेल तर दोन्ही फाळ्यांचे बोल्ट सारखेच सैल करावेत. बहुतेक धनुष्यांत पूर्ण एका फेऱ्याला दोन-तीन पौंड उतरतात. किती फेरे चालतात ते उत्पादकाच्या पत्रकात पाहावे, त्यापुढे जाऊ नये.

स्थिर पात्याच्या ब्रॉडहेडच्या (शिकारीच्या धारदार टोकाच्या) बाबतीत वेग सरळ नेमाच्या मुळावर येतो. पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला बसवलेले छोटे पंखच. बाण किंचित तिरका सुटला तर तेच त्याला वळवू लागतात, आणि वेग २८० च्या वर गेला की हे प्रकर्षाने दिसते. यावर इलाज म्हणून मोठ्या व्हेन (बाणाच्या शेपटीचे पंख), दोन-तीन अंशांची पीळदार बसवण आणि थोडे पुढे झुकलेले वजन. २८ इंचांचा बाण नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या शेपटीच्या तुकड्याच्या) खाचेपासून १७.५ इंचांवर तोलला तर मध्यबिंदूपासून ३.५ इंच पुढे, म्हणजे पुढचा तोल १२.५ टक्के. शिकारीला १० ते १५ टक्के चांगले. पण १०० ऐवजी १२५ ग्रेनचे टोक लावले की शाफ्ट (बाणाची काडी) जास्त वाकतो. काठावरचा ४०० स्पाइन मग नरम पडतो आणि ३४० कडे यावे लागते. स्पाइनचा आकडा लहान तितका शाफ्ट ताठ, हे नव्या माणसाला हमखास उलटे वाटते.

जुळवणीचा क्रम मोडला तर दिवस वाया जातो. आधी दोन्ही कॅमचे स्टॉप (पूर्ण ओढल्यावर अडवणारे खुंट) एकाच वेळी टेकतात का ते पाहावे. मग बाण दोरीला काटकोनात बसवावा. नंतर सहा फुटांवर ताणलेल्या कागदातून बाण सोडावा. शेपटीची फाट टोकाच्या छिद्रापेक्षा वर असेल तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली घ्यावा किंवा रेस्ट (बाणाचा टेकू) वर. काही केल्या फाट बदलत नसेल, तर व्हेन रेस्टला घासत असते. व्हेनवर पावडर लावून सोडले की खूण दिसते. फाट डावी-उजवीकडेच राहिली तर रेस्टला दोष देण्यापूर्वी पकड तपासावी: धनुष्याची मूठ अंगठ्याच्या मुळाशी टेकावी, तळहाताची आयुष्यरेषा ओलांडू नये.

कागद साफ फाटला म्हणजे काम झाले असे नाही. ३० यार्डांवर त्याच वजनाची साधी टोके आणि ब्रॉडहेड आळीपाळीने सोडावीत. ब्रॉडहेड साध्या टोकाच्या डावीकडे लागले तर रेस्ट उजवीकडे सरकवावी, खाली लागले तर वर, आणि एका वेळी पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. इथे साईटला हात लावायचा नाही. दोन्हींचे पुंजके एकत्र आल्यावरच पिन हलवावी. एखादाच बाण सतत बाहेर जात असेल तर तो टोकावर फिरवून पाहावा. ब्रॉडहेड डगमगत असेल तर इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) तिरका बसला आहे, तो बाण बाजूला काढावा. आणि सरावात फोममध्ये घुसवलेली पाती शिकारीला तशीच नेऊ नयेत. ती बोथट झालेली असतात, बदलावीत किंवा पुन्हा धार लावावी.

आपले,
तिरंदाजीचे सामान जुळवणारे काही वाचक