सर, तो ढेकूण नव्हता

आदरणीय सर,

मुलुंडला परत येऊन आठवडा झाला. आल्या आल्या तुमच्याकडेच यायचं ठरवलं होतं, पण तिकडच्या किड्यांच्या बाबतीत तुम्ही फोनवरून केलेल्या मदतीचे समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चहाचं आधण ठेवाल. म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आया आपल्याच बिल्डिंगमध्ये तीन-चार आहेत.

सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियाला गेले ती डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून. किड्यांची तयारी कोण करतं! ऑक्टोबरातल्या एका दुपारी बाळाच्या खोलीतल्या पडद्यावर तपकिरी, चपटा, अंगठ्याच्या नखाएवढा किडा दिसला. माझ्या तोंडून एकच शब्द आला, ढेकूण! गिरगावच्या चाळीत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मे महिन्यात खाटा गच्चीवर नेऊन सांध्यांत उकळतं पाणी ओतण्यात आमचे रविवार गेलेत. चप्पल उचलली आणि हाणली. खोलीभर वास सुटला कोथिंबिरीचा. जुडी चार दिवस पिशवीत विसरली की येतो ना, तसा.

रात्री दहाला तुम्हाला फोन लावला. तुमचे सकाळचे साडेसात. घाबरू नका वगैरे तुम्ही म्हणालाच नाहीत. विचारलंत, "उडत होता का?"

"हो, दिव्याभोवती भर्र करून."

"मग ढेकूण नाही. ढेकणाला पंख नसतात. पुढचा दिसला की मिशांचा फोटो पाठवा."

मिशांचा! पण पाठवला. त्यावर पांढरे पट्टे निघाले आणि तुम्ही त्याची कुंडलीच मांडलीत. जावई नुसतं 'स्टिंक बग', म्हणजे वास मारणारा किडा, म्हणून मोकळा झाला होता. हा किडा मूळचा चीन-जपानकडचा, अमेरिकेत पहिला नमुना पकडला तो १९९८ साली, पेनसिल्व्हेनियातल्याच ॲलनटाउन गावी. बागाईतदारांचा मोठा वैरी, सफरचंदांत सोंड खुपसून रस पितो. घरात मात्र फक्त थंडी काढायला येतो. चावत नाही, अंडी घालत नाही, काही खातही नाही. त्या वासातली काही द्रव्यं खरोखरच कोथिंबिरीत असतात, हेही तेव्हाच कळलं. ढेकणाचा तो लांबचा भाऊबंद, म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. एवढं तरी म्हणू द्या.

मग तुमची युक्ती. डब्यात भांडी घासायच्या साबणाचं पाणी घ्यायचं आणि किड्याच्या बरोबर खाली धरायचं. हात जवळ गेला की तो स्वतःच टपकन खाली पडतो. साध्या पाण्यावर तरंगतो, साबणाच्या पाण्यात बुडतो. वासही नाही. एका उबदार दुपारी मी सदतीस मोजले. लेक म्हणाली, "आई, तू नातवापेक्षा खिडक्यांकडे जास्त बघतेस."

मधे एक फवारणीवाला येऊन सगळ्या खोल्यांत औषध मारायचं म्हणत होता. पैसे ऐकून माझेच डोळे फिरले. घरात महिन्याचं बाळ. तुम्ही म्हणालात, भिंतीत मेलेले किडे खायला दुसरे बारीक भुंगे येतील आणि बाहेरचे स्टिंक बग येतच राहतील, त्यापेक्षा फटी बुजवा. जावयाने दोन शनिवार घालवून खिडक्यांच्या कडा भरल्या. तिसऱ्या शनिवारी कळलं की पोटमाळ्याची जाळी फाटकी आहे. असो.

पण सर, खरी परीक्षा त्या गोमेची. पहाटे दोनला दूध गरम करायला उठले, बाथरूमचा दिवा लावला, आणि पांढऱ्याशुभ्र टबात ती. अंग बोटाच्या एक-दीड पेराएवढं, भोवती केसांसारखे लांब पाय, आणि धावली की पाय दिसायचेच बंद. आपल्याकडची गोम निदान गोमेसारखी तरी दिसते! मी तशीच तुम्हाला व्हिडिओ लावला. तुम्ही दादर स्टेशनच्या पुलावर, गर्दीत, आणि तिथून ओरडून विचारताय, "पाय मोजा, पाय! तीस आहेत का?" कसले मोजते? ती टबाच्या गुळगुळीत भिंतीवर चढायची आणि घसरायची, चढायची आणि घसरायची. पाच मिनिटं मी बघत उभी राहिले. तेवढ्यात दूध उतू गेलं.

ही झुरळांची पिल्लं आणि कसर खाते, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, हे ऐकूनही मला ती आवडली नाही, आणि तुम्ही आवडून घ्या असं म्हणालातही नाही. "हिला ओल लागते. तळघर कोरडं करा, ती आपली जाईल." तळघरात हवेतली ओल शोषणारं यंत्र लावलं. पहिल्या दिवशी त्यातून अर्धी बादली पाणी निघालं. आपल्या जुलैची आठवण झाली. नाताळानंतर गोम एकदाच दिसली, तीही लेकीला. मला फोटो पाठवून तिने विचारलं, "आई, ही तुझीच का?"

तुमच्यासाठी एक स्टिंक बग औषधाच्या बाटलीत भरून आणणार होते. लेकीने कस्टमची भीती घातली म्हणून राहिलं. शनिवारी संध्याकाळी घरी आहात ना? कोथिंबीर वड्या घेऊन येते. वास आला तर घाबरू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची आजी