टी-शर्टची खालची पट्टी कापून टाकू नका

संपादक महोदय,

ओला-सुका कचरा वेगळा करण्यात इंदूरचा हात कोणी धरत नाही; 2017पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिले आले. तरी गळा सैल झाला एवढ्यावरून धडधाकट टी-शर्ट सुक्या कचऱ्यात जातात. मोठ्या माणसाच्या एका एल मापाच्या टी-शर्टमध्ये चार वर्षांच्या मुलाची हाफ पँट आरामात बसते. घरोघरी ती बिघडते, कारण पॉपलीनसारख्या न ताणणाऱ्या कापडाची रीत होजिअरीला, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला, लावली जाते.

या कापडात सगळ्यात त्रासाची असते ती पायाची दुमड. मशीनखाली ताणली जाते आणि लाटा येतात. मग टी-शर्टची तयार पट्टीच पायाला का ठेवू नये? टी-शर्ट उलटा करून सपाट पसरावा. त्याची बाजूची कड तीच चड्डीची बाजू, म्हणजे तिथे शिवण नाही. मुलाला नीट बसणारी चड्डी उभी दुमडून, इलॅस्टिक पूर्ण ताणून, पट्टीला पट्टी जुळवून आखावी. मांडीच्या आतल्या बाजूला आणि आसनाला (दोन पायांमधल्या गोलाईला) 1 सें.मी., कमरेला नेफ्यासाठी 3.5 सें.मी. जास्त ठेवावे. पुढचे आणि मागचे पदर एकदम कापू नयेत. मागचे आसन जास्त खोल आणि मागची कंबर सुमारे 2.5 सें.मी. उंच लागते, नाहीतर मूल उकिडवे बसले की चड्डी खाली उतरते. (कॉलरच्या टी-शर्टला बाजूला चिरा असतात, त्याची पट्टी या कामाची नाही.)

साधी टोकदार सुई विणीचे फासे तोडते आणि दोन-चार धुण्यांत शिवणीलगत भोके दिसतात. 11 नंबरची बॉल पॉइंट सुई आणि पॉलिएस्टर धागा घ्यावा. मशीनला झिगझॅग टीप असेल तर तिची रुंदी 1 आणि लांबी 2.5 मि.मी. मशीन फक्त सरळ टीप मारणारे असेल, तर कापड अगदी किंचित ताणून धरावे. जोरात ओढले तर पुन्हा लाटाच. कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब कमी करता आला तर करावा.

आधी दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी. खालच्या पट्टीची साखळीटीप कापल्या टोकापासून उसवते, म्हणून तिथे मागे-पुढे टीप मारून ती अडवावी. पट्टी जाड असल्याने तेवढ्यापुरते चाक हाताने फिरवावे. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्यात घालावा आणि आसन एका दमात शिवावे. सगळा ताण इथेच येतो, तेव्हा 3 मि.मी. अंतरावर दुसरी टीप हवीच. गोलाईला कात्रीचे चिमटे देऊ नयेत. होजिअरीला त्यांची गरज नसते, उलट फाटायला तिथूनच सुरुवात होते.

कंबर 53 सें.मी. असेल तर 2.5 सें.मी. रुंदीचे इलॅस्टिक 50 सें.मी. कापून 2 सें.मी. एकावर एक शिवावे. नेफ्याची कड आत दुमडायची गरज नाही, हे कापड दोरे सोडत नाही. नेफा सैल झाला की इलॅस्टिक आत पिळते. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना इलॅस्टिकवरून उभी टीप मारली की जागेवर राहते.

रबरासारखी छपाई मात्र बसायच्या जागी येऊ देऊ नये. उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचतो.

आपल्या,
शिवणकाम शिकवणाऱ्या काही जणी, इंदूर