माऊस माझ्याच हातात ठेवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वेबपानं करायला शिकवणारा तुमचा कोर्स संपून दीड महिना झाला. निकाल लागला, तुमचा शेवटचा शेरा आला, मी ‘धन्यवाद मॅडम’ एवढंच उत्तर पाठवलं आणि मग बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. ज्या बाईंमुळे सेहेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा ‘हे आपल्याला येतं’ असं वाटलं, त्यांना फक्त दोन शब्द? तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारखं शिकवणारं आणखी कुणी असेल तर त्यांनाही कळू दे, की एका साध्या उत्तरासाठी काढलेला वेळ समोरच्याच्या आत कुठवर जातो.

तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, पण कॉलेजच्या या ऑनलाईन कोर्सला येण्याआधी मी एक क्लास केला होता. तीन महिन्यांचा, प्रत्यक्ष जाऊन बसायचा. तिथले सर पडद्यावर भराभर टाइप करत, आम्ही ते वहीत उतरवून घेत असू आणि वहीत बघून पुन्हा संगणकावर टाइप करत असू. ‘हे असं का?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: ‘ते तसंच असतं, लिहून घ्या.’ एकदा माझ्या पानावरचे दोन रकाने शेजारी शेजारी बसेनात. दोघांनाही रुंदी निम्मी, पन्नास पन्नास टक्के दिलेली, तरी दुसरा आपला खाली घसरलेला. मी हात वर केला. सर आले, एक शब्द न बोलता माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला, मी खुर्ची मागे सरकवली, वीसेक सेकंदांत त्यांनी काहीतरी बदललं, रकाने जागेवर बसले आणि सर पुढच्या टेबलाकडे गेले. पान दुरुस्त झालं. मी होते तिथेच राहिले. त्या तीन महिन्यांत हे किती वेळा झालं, मोजलं नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव सुंदर अक्षरांत छापलेलं होतं आणि मला स्वतःहून एक पानही करता येत नव्हतं.

त्या माणसाचं काम होतं शिकवणं. पैसे त्यासाठीच घेतले होते. मला वाईट याचं वाटतं, की त्यानंतर दोन वर्षं मी दोष स्वतःला देत राहिले.

तुमच्याकडे नाव नोंदवलं ते याच ओझ्यासकट. तिसऱ्या आठवड्याचं काम होतं पान प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवायचं, म्हणजे सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर ठेवायचं. विषय आपल्या आवडीचा. मी माझ्या वडिलांवर केलं होतं, ते घड्याळं दुरुस्त करायचे. वर त्यांनी उघडून ठेवलेल्या एका हातघड्याळाचा फोटो, खाली चार परिच्छेद. माझ्या संगणकावर सगळं नीट दिसत होतं. अपलोड केलं आणि फोटोच्या जागी ते फाटलेल्या चित्राचं बारीक चिन्ह. फोल्डर तपासलं, फोटो होता. नाव तपासलं, बरोबर होतं. पुन्हा अपलोड केलं, पुन्हा तेच. रात्री साडेबाराला तुम्हाला लिहिलं, ‘फोटो माझ्याकडे दिसतो, तिकडे दिसत नाही. मला हे जमेलसं वाटत नाही.’ दुसरं वाक्य लिहून खोडलं होतं, मग परत लिहिलं.

सकाळी तुमचं उत्तर आलं. मजकूर एका ओळीचा, सोबत सहा मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग.

मॅडम, मी ते रेकॉर्डिंग इतक्या वेळा पाहिलंय की मला ते पाठ आहे. तुम्ही माझं पान उघडता. ‘चला, बघू या,’ म्हणता. एफ बारा दाबून ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडता, पान काय काय मागवतं ते दाखवणाऱ्या ‘नेटवर्क’वर जाता, पान पुन्हा लोड करता. यादीत एक ओळ लाल होते, तिच्यापुढे ४०४. ‘म्हणजे ब्राउझरने फोटो मागितला आणि सर्व्हर म्हणतोय या नावाचं माझ्याकडे काही नाही. काय नावाने मागितला ते वाचू.’ मग तुम्ही तो पत्ता मोठ्याने, अक्षर अक्षर सुटं करून वाचता. दुसऱ्या बाजूला सर्व्हरवरच्या फाईलींची यादी उघडता. आणि मग म्हणता, ‘हं. मला अजून दिसत नाहीये. थांबा.’

त्यानंतर अकरा सेकंद शांतता आहे. माऊसचा बाण एका नावाखालून सरकतो, मग दुसऱ्या नावाखालून, मग परत पहिल्याखाली.

हे कापून टाकणं तुम्हाला सहज शक्य होतं. उत्तर सापडल्यावर नव्याने रेकॉर्डिंग करून, पहिल्या क्षणापासून सगळं ठाऊक असल्यासारखं बोलता आलं असतं. तुम्ही ती अकरा सेकंदं तशीच ठेवलीत. ज्यांना येतं त्यांना शोधावं लागत नाही, असंच मी आजवर धरून चालले होते. वीस सेकंदांत रकाने बसवणाऱ्या माणसाने मला तेच तर दाखवलं होतं. तुम्ही शोधताना मला दिसलात. न दिसण्याची लाज तुमच्या आवाजात नव्हती, घाई नव्हती, माझ्यावरचा वैतागही नव्हता. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते फोटोसाठी नव्हतं.

आणि मग तुम्ही म्हणालात, ‘आता मला दिसलं. मी इथेच थांबते. ही दोन नावं समोरासमोर ठेवा आणि एकेक अक्षर बघत जा.’ रेकॉर्डिंग संपलं.

तुम्ही माऊस घेतला नाहीत, मॅडम. चूक समोर दिसत असताना हात मागे ठेवलात.

मला ती सापडायला पंधरा मिनिटं लागली. कॅमेऱ्याने फोटोच्या नावामागचं जेपीजी कॅपिटल अक्षरांत दिलेलं होतं, मी पानात ते स्मॉलमध्ये लिहिलं होतं. माझा संगणक नावाची ती शेपटी दाखवतच नव्हता, शिवाय त्याच्या लेखी कॅपिटल आणि स्मॉल एकच. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तेव्हापासून मी प्रत्येक फाईलचं नाव स्मॉल अक्षरांत ठेवते, मध्ये मोकळी जागा सोडत नाही. हा नियम त्या क्लासच्या वहीतही होता, पहिल्याच पानावर. त्याचं कारण तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ते घसरणारे रकाने! तुमच्या पाचव्या आठवड्यात उलगडा झाला. आपण देतो ती रुंदी आतल्या मजकुराची. पॅडिंग म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा आणि बॉर्डर म्हणजे कडेची रेघ, ती त्यात धरलेली नसते, वरून मिळवली जाते. दोन निम्मे मिळून पूर्णापेक्षा जास्त भरतात, मग दुसऱ्याला जागा उरत नाही. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स सांगितलं की ती सगळी धरून हिशोब होतो. त्या वीस सेकंदांत सरांनी बहुतेक हेच टाइप केलं होतं. दोन मिनिटांचं बोलणं होतं हो ते. तेवढं कुणी बोललं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

तुमचे शेरे मी वेगळ्या फाईलमध्ये उतरवून ठेवलेत. घड्याळाच्या फोटोला मी पर्यायी मजकूर म्हणून नुसतं ‘फोटो’ लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘हे पान कुणी डोळ्यांनी न बघता ऐकत असेल, तर त्याला काय कळेल?’ मी उठून खिडकीपाशी गेले आणि डोळे मिटून ते वाक्य म्हणून पाहिलं. मग लिहिलं: ‘मागचं झाकण काढलेलं हातघड्याळ, शेजारी चिमटा आणि बशीत सुटे केलेले बारीक स्क्रू.’ पानाची भाषा मराठी असल्याचं पहिल्याच टॅगमध्ये, म्हणजे कंसातल्या खुणेत, सांगायचं, म्हणजे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उच्चार मराठीत करू शकतं, हेही तिथेच समजलं. शीर्षकातल्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जात होते, कारण ओळींची उंची मी एका इंग्रजी पानावरून उचलली होती. तुमचा शेरा होता, ‘आपल्या अक्षरांना डोक्यावर जागा लागते.’ इतकं प्रेमाने कुणी ओळींच्या उंचीबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तुम्ही आम्हाला सर्न या संशोधन संस्थेतलं जगातलं पहिलं संकेतस्थळ उघडायला लावलं होतं, टिम बर्नर्स-ली यांचं. एकही चित्र नाही, रंगसंगती नाही. शीर्षक, मजकूर आणि दुवे. मग त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडायला लावलात आणि म्हणालात, ‘यातलं आज तुम्हाला काय काय ओळखता येतं?’ चार टॅग ओळखू आले. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं हे तंत्र कुणाकडूनही शुल्क न घेता सगळ्या जगासाठी खुलं केलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी ते परीक्षेपुरतं टिपून घेतलं होतं. आता त्याचा विचार वेगळा येतो. कुठल्याही पानावर जाऊन त्याचा सोर्स बघता येतो, ते कसं केलंय ते वाचता येतं. ज्याला येतं त्याने झाकून ठेवायचं नाही, अशी ही जागा पहिल्यापासून घडत गेली. तुमची शिकवण्याची पद्धत मला त्याच कुळातली वाटते. अशी माणसं जगात आहेत, गाजावाजा न करता आहेत, रात्री साडेबाराच्या निरोपाला सकाळी सहा मिनिटांचं उत्तर देणारी आहेत, आणि बहुतेकांना आपण काही विशेष केलं असं वाटतही नाही. तुम्हालाही वाटत नसणार. तुम्ही त्या आठवड्यात अशी आणखी कितीतरी उत्तरं पाठवली असतील.

वडिलांच्या पानाला आता सहा पानं जोडली आहेत. फोनवरही नीट दिसतात. परवापासून त्यावर एक छोटा फॉर्म करतेय, कुणाकडे त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ असेल तर त्याने त्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात म्हणून. बटण दाबलं की पान नुसतं पुन्हा लोड होतं, लिहिलेलं सगळं पुसलं जातं. काल दोन तास गेले त्यात. नेटवर्क उघडून ठेवलंय, एकेक ओळ वाचत खाली येतेय. मला अजून दिसत नाहीये. हे पत्र पाठवते आणि परत तिथेच जाते.

तुमची,
तिसऱ्या आठवड्यात फोटो न दिसणारी विद्यार्थिनी