मनू, काउंटरवर एकटी बसू नकोस

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास, मग मीही परत लावला नाही. तुझे पप्पा म्हणाले, उगं लेकराला बोललीस, तिचं चांगलं चाललंय. चांगलं चाललंय हे मलाही कळतं गं. पण "फार्मसीतले सर म्हणाले, सोमवारपासून औषधाच्या काउंटरवर बस" हे तू एवढ्या आनंदानं सांगितलंस आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "अजिबात बसायचं नाही." फोनवर आपलं धड होत नाही. तू मध्येच बोलतेस, मी आवाज चढवते. म्हणून कागदावर लिहिते आणि फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकते. अक्षर लागेल तुला.

तू जे करतेस ते मला मनापासून आवडलंय, हे आधी वाच. सीईटी झाली की पोरं गावाकडं येऊन लग्नाच्या पंगती उठवतात, नाहीतर पंख्याखाली लोळतात. तू मावशीकडं राहून या मे महिन्याच्या उन्हात रोज सिटी बसनं त्या दवाखान्यात जातेस, आणि कुणी तुला एक रुपया देत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना मी हे सांगून झालंय. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, आता तुमची औषधाची खिडकी मनूच चालवणार. मला किती बरं वाटलं ते मी तुला फोनवर सांगणारच होते, पण त्याआधी काउंटरचा विषय निघाला.

हे तुझ्या डोक्यात मामाच्या दादामुळं आलं, माहीत आहे मला. तिकडं अमेरिकेत फार्म.डी.साठी, म्हणजे फार्मसीच्या डॉक्टरेटसाठी, अर्ज करताना स्वयंसेवा किती केली, औषधाच्या दुकानात काय काम केलं, हे विचारतात आणि कॉलेजं ते बघतात. तिकडची पद्धत चांगली आहे. पण आपल्याकडं बी.फार्म.ला आणि सहा वर्षांच्या फार्म.डी.ला सीईटी नाहीतर नीट, डी.फार्म.च्या डिप्लोमाला बारावीचे मार्क. कॅपच्या, म्हणजे प्रवेशाच्या फॉर्ममध्ये तू कुणाची सेवा केलीस याचा रकानाच नाही. दवाखान्यानं तुला सर्टिफिकेट दिलं तर ठेव जपून, पुढं तिकडं जायचं झालं तर कामाला येईल. पण त्या कागदासाठी जिथं उभं राहू नये तिथं उभी राहू नकोस. सर नाराज होतील, सर्टिफिकेट देणार नाहीत, असलं काही मनात आणू नकोस.

बघ, परत तिथंच आले.

तू म्हणालीस, "आई, गोळ्याच तर द्यायच्यात, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं." मनू, तेवढ्यासाठीच तर १९४८ चा फार्मसी कायदा आहे. त्याचं कलम ४२ तुला कॉलेजात पाठ करावं लागेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करायचं आणि द्यायचं ते नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच. डी.फार्म.ला दोन वर्षं शिकवतात, वर ५०० तासांचं प्रशिक्षण, त्यातले निम्मे तास नुसते चिठ्ठ्या बघून औषध देण्याचे, आणि तेही कुणाच्या तरी नजरेखाली. एवढं सगळं झाल्यावर रजिस्ट्रेशन. कायदा करणाऱ्यांना काय काम नव्हतं म्हणून त्यांनी हे लिहिलं का? तुझा अजून बारावीचा निकाल हातात पडायचाय. आणि तू म्हणतेस, तुला माझ्यावर विश्वासच नाही.

हे वाचून रागावली असशील. माफ कर, मी सुनवायला बसले नव्हते. विश्वास आहे गं. अभ्यासात, वागण्यात, पैशात, कशातच तुझ्याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण आक्काचं काय झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे. तू सहावीत होतीस आणि तेव्हा आम्ही तुला मुद्दाम मामाकडं ठेवलं होतं. आता तू याच लाईनीत निघालीस तर पूर्ण ऐक.

आक्काच्या बोटांचे सांधे धरले होते, भाकरी थापता येईना. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहिली. सांधेवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. तिच्यासोबत फॉलिक ॲसिड देतात, म्हणजे तिचा त्रास कमी होतो. चिठ्ठीवर सगळं बरोबर लिहिलेलं होतं, रविवारी एक म्हणून. तालुक्याच्या एका दुकानातून औषध आणलं. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. काउंटरवरच्या पोरानं पट्ट्या कापून दोन पुड्या केल्या आणि सांगताना उलटं सांगितलं. फॉलिक ॲसिड रविवारी, मेथोट्रेक्सेट रोज. आक्काला वाचता येत नाही. पोरगं म्हणालं तसं तिनं मन लावून घेतलं, एक दिवस चुकवला नाही. आक्का औषधाच्या बाबतीत कशी आहे ते तुला माहीतच आहे.

मी तेव्हा बदलीच्या गावी होते. शनिवारी आले तर ती पदर तोंडाला लावून बसलेली. तोंड उघड म्हटलं तर जीभ, गाल, ओठाच्या आतली बाजू, सगळं सोललेलं. पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. घरच्यांना वाटलं उष्णता झाली, सब्जा दिला, गुलकंद दिला. मी पुड्या मागितल्या. कापलेल्या पट्टीच्या मागं नावाची चार-पाच अक्षरंच उरली होती, पण तेवढ्यावर मला कळलं. त्याच रात्री जीप करून अंबाजोगाईला स्वारातीत, तिथल्या सरकारी मोठ्या दवाखान्यात, नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, वेगळ्या खोलीत ठेवलं, आणि देवानं आणि त्या डॉक्टर पोरांनी तिला परत दिलं. आज ती तुझ्यासाठी शेवया वळतेय, पण त्या रात्री जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती परत येईल असं मला वाटलं नव्हतं.

आणि ते पोरगं. तुझ्याच वयाचं होतं, मनू. बारावी झालेलं, डी.फार्म.ला जायचं म्हणून आधी अनुभव घ्यावा असं घरच्यांनीच त्याला दुकानात ठेवलेलं. हुशार होतं, सगळ्यांशी गोड बोलायचं. ज्यांचं लायसन्स भिंतीवर लावलेलं होतं ते तिथं नव्हतेच. मी भांडायला गेले तेव्हा ते पोरगं थरथरत उभं होतं आणि मालक त्याच्याकडंच बोट दाखवत होता. घरी येऊन मी आक्काला म्हटलं, सोडणार नाही यांना. आक्काच्या तोंडातून धड शब्द निघत नव्हता, तरी म्हणाली, "त्या लेकराला कामून बोलतीस माय, त्याला कुणी शिकिवलंच न्हाई." त्या पोरानं पुढं फार्मसीचा फॉर्म भरला नाही. त्याची आई मला बाजारात दिसते कधीकधी.

तू काउंटर म्हणालीस की मला आक्काच्या आधी ते पोरगं दिसतं. आता कळलं ना मी का ओरडले?

तर मग तिथं जाऊन करायचं काय, हे विचारशील. भरपूर आहे. तुझ्या आजोबांचं, अण्णांचं, सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. आम्हालाही हादरा जाणवला, भांडी पडली. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेतले दोन मास्तर घेऊन निघाले ते बरेच दिवस घरी आलेच नाहीत. त्यांना वाटलं होतं ढिगारा उपसायला लावतील, पण त्यांच्या वाट्याला आली औषधं. देशभरातून, परदेशातून खोकी येत होती. कुठल्या खोक्यावर न वाचता येणारी लिपी, कुठं सुट्ट्या पट्ट्या नुसत्या पिशवीत कोंबलेल्या, कुठं मुदत संपलेली. अण्णांना औषधातलं काही कळत नव्हतं, पण इंग्रजी वाचता येत होतं. एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना तंबूत बसवलं आणि सांगितलं, गुरुजी, तुम्ही फक्त तारखा वाचा आणि ढीग करा, कुणाच्या हातात काही द्यायचं नाही. ते तारखा वाचत राहिले. घरी आल्यावरही डोळे मिटले की तारखाच दिसतात म्हणायचे. पुढं १९९६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं दानाच्या औषधांसाठी नियम काढले, औषध पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, पाठवणाऱ्यानं लेबल समजेल अशा भाषेत लावावं. डिप्लोमाला असताना मी ते वाचलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. केवढे खूश झाले होते! म्हणाले, आम्ही तंबूत बसून हेच म्हणत होतो.

तूही स्टोअरमध्ये बसून तारखा वाच. ज्याची मुदत आधी संपते ते पुढं कसं लावतात ते हातानं कर. इन्सुलिन दोन ते आठ अंशात ठेवायचं म्हणजे फ्रिजच्या दारात का ठेवू नये, लाईट गेली तर काय करतात, हे विचार. मराठवाड्यात लाईट जाणारच, ते पुस्तकात नसतं. दिवसभराच्या चिठ्ठ्या फाईलला लावायला माग आणि अक्षर वाचायला शीक. एच-वनच्या, म्हणजे कडक नियमांच्या यादीतल्या औषधांचं रजिस्टर वेगळं का असतं, ते तीन वर्षं का जपतात, ते बघ.

आणि खिडकीच्या बाहेर बस, बाकड्यावर, लोकांच्यात. औषध घेऊन आलेल्या म्हातारीला विचार, मावशी, हे कधी घ्यायचं सांगितलं? काय उत्तर येतं ते ऐक. टीबीच्या औषधानं लघवी लाल-केशरी होते हे सांगितलेलं नसतं, माणूस घाबरून दुसऱ्याच आठवड्यात सहा महिन्यांचा कोर्स सोडतो. लेकराच्या अँटिबायोटिकच्या बाटलीत पावडर असते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालायचं असतं. बाया अंदाजानं ओततात आणि उरलेलं पुढच्या तापाला ठेवतात. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घेतात. हे सगळं तुला बाकड्यावर कळेल. चुकीचं ऐकलंस तर तू दुरुस्त करू नकोस, त्या माणसाला हाताला धरून खिडकीवर परत ने आणि सरांना सांगायला लाव. तेवढं जरी तू दोन महिने केलंस ना, तर माझ्या दृष्टीनं तू फार्मसीचं पहिलं वर्ष करून आलीस.

हे काम तुला नवीन नाहीच. चौथीत असताना शाळा सुटली की तू माझ्या खिडकीत यायचीस. पाकिटांवर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढायचं काम तुझं. तुझ्या सूर्याला डोळे असायचे आणि मिशा असायच्या. तांड्यावरचा एक आजोबा बीपीच्या गोळ्या न्यायला यायचा, तो दर महिन्याला जुनंच पाकीट घेऊन यायचा, मळलेलं, घड्यांवर फाटलेलं. नवीन देते म्हटलं तर म्हणायचा, मिशीवाला सूर्य पाहिजे. तू नसलीस की मी काढायचे, त्याला पटायचं नाही. तेव्हाही पाकिटात गोळ्या मीच घालायचे, आठवतं ना? तू हट्ट करायचीस, एकदा रुसून आंब्याखाली जाऊन बसली होतीस. मी तेव्हाही ऐकलं नव्हतं.

सरांना कसं सांगायचं याची तुला लाज वाटेल, तर माझं नाव सांग. किंवा सरळ म्हण, "सर, मी चिठ्ठी वाचते, पट्टी काढून देते, नाव आणि तारीख मोठ्यानं म्हणते. तुम्ही बघून पेशंटच्या हातात द्या." चांगला माणूस असेल तर खूश होईल, त्यालाही दुसरी नजर मिळेल. सर चांगलेच असतील, मी त्यांना वाईट म्हणत नाही. मनुष्यबळ सगळीकडंच कमी आहे, ओपीडीत रांग लागली की मला स्वतःला वाटतं कुणीतरी हाताखाली यावं. त्यातूनच "तू बस जरा, मी आलोच" होतं. सर चहाला गेले, जेवायला गेले, फोन आला म्हणून बाहेर गेले, की तूही उठ. रांग बोंबलू दे. लोक तुला काय म्हणतील ते म्हणू देत.

बरं, आता दुसरं. नॉन-क्रीमीलेयरचं पप्पांनी सेतूत टाकलंय, डोमिसाईल आलं. शाळा सोडल्याचा दाखला तुझ्याकडं आहे की लातूरच्या रूमवर राहिला ते कळव, कॅप सुरू झाल्यावर पळापळ नको. मावशीला आक्काच्या शेवया आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय एसटीच्या पार्सलनं, स्टँडवर पप्पांच्या नावानं असेल. दुपारी एक ते चार बसच्या थांब्यावर उभी राहू नकोस. रात्री केस धुवून ओले ठेवू नकोस.

फोन कर. मी ओरडणार नाही. तू बोल, मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. – रविवारी ते सर सुट्टीवर असतात का? असतील तर त्यांच्या जागी कोण असतं, त्यांचं रजिस्ट्रेशन आहे का, एवढं फक्त विचारून ठेव. आणि कुणी नसेल तर रविवारी मावशीकडंच थांब.