आमच्या चौथीचं शिवार फॉरमॅट झालं, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शाळेचा एकमेव संगणक परत मिळाल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पट २३. नाव-गाव लिहीत नाही, कारण खुलाशाची नोटीस कशी येते ते मी पाहिलेलं आहे.

आमच्या शाळेत एक संगणक आहे. तो खात्याने दिलेला नाही, पुण्यात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्याने त्याचा जुना आणून दिला. जूनपासून चौथीची सात मुलं त्यावर गावातल्या शेतांची नावं उतरवत होती. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, वहीत लिहायचं, दोघांनी दोन नावं सांगितली तर तिसऱ्याच्या घरी जायचं, आणि मग टाइप करायचं. चिंचेची पट्टी, खारवट, भुताचा मळा, सासूचं वावर. नंतर माझ्या मोबाइलवर महाभूलेख उघडून आम्ही सातबारे पाहिले. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. आम्ही पाहिले तेवढ्या उताऱ्यांवर तो कोराच होता. एक मुलगी म्हणाली, "बाई, सरकारला म्हाईत न्हाई, आपल्याला हाय."

ही मुलगी टायपिंगला बसली तेव्हा पहिले दोन दिवस तिचा 'ळ' उमटेना. 'ल'चंच बटण, पण सोबत शिफ्ट धरावं लागतं, आणि तिची बोटं पोचत नव्हती. पडद्यावर आलं, 'भुताचा मला'. वर्ग हसून लोळला. मग तिने डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरलं, उजव्या हाताचं एक बोट वरून सोडलं, आणि 'ळ' आला. त्या दिवशी तिने नुसते 'ळ' अर्धं पान भरून काढले. मी थांबवलं नाही.

जानेवारीत तालुक्याहून माणूस आला. ऑनलाइन कामं तुंबलीत, आठ दिवसांसाठी संगणक द्या. दिला. पाच आठवड्यांनी, गेल्या सोमवारी, परत आला. आणणारा मोठ्या मनाने म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून दिलाय, आता पळंल बघा." पळायचं ते आधीच पळालं होतं. दीडशेच्या आसपास नावं, कोणी सांगितलं त्याची नोंद, सगळं साफ. पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं नाही ही चूक माझी. पण साहेब, लेकरांच्या वह्या कोणी घेऊन गेला असता तर कोऱ्या करून परत दिल्या असत्या का?

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका व्यासपीठावरून 'प्रत्येक शाळेत पाच संगणक' असं जाहीर झालं. टाळ्या आम्हीच वाजवल्या, त्यासाठीच तर शाळा लवकर सोडून आम्हाला नेलं होतं.

माझंही थोडं ऐका. वेतनवाढ अडकेल या धाकाने मी सहावा महिना चालू असताना एसटीने तालुक्याला जाऊन एमएससीआयटी हा संगणकाचा कोर्स केला. ते शिकलेलं कुठे वापरते? पोषण आहाराची रोजची माहिती, विद्यार्थ्यांची माहिती, आधार जुळत नाही त्यांची माहिती, आणि आधी भरलेली माहिती भरली की नाही याची माहिती. रेंज शाळेत नाही, पाण्याच्या टाकीजवळ आहे, म्हणून मधल्या सुट्टीत मी टाकीजवळ उभी असते. गावाला वाटतं बाईंना मोबाइलचा नाद आहे. डेटा माझा, चष्म्याचा वाढलेला नंबरही माझाच. दिवसाचा दीड तास यात जातो, म्हणजे वर्षाला तीनशे तास तरी झाले, हिशेब चुकला असेल तर आपल्या कार्यालयाने करून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नका म्हणतं. लिंक भरणं हे अध्यापनच असावं बहुधा.

तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, रंग, नळाची तोटी आणि वीजबिल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. छान आहे. शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चही त्याच धोरणात आहे, आणि ते कोठारी आयोगापासून, म्हणजे १९६६ पासून, फक्त लिहिलेलंच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्याच एका जिल्हा परिषद शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा त्याने पुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडचं कौतुक सगळ्यांनी केलं. तो स्कॅन करायला आमच्या वर्गात माझा एक मोबाइल, तोही माहिती भरून गरम झालेला. मुलांच्या घरी फोन आहेत की. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. अंगठ्याने रील सरकवायला आमच्या पहिलीच्या पोरालाही येतं. वाचलेलं खरं कसं ठरवायचं आणि आपलं चार ओळींत कसं मांडायचं, हे अंगठ्याने येत नाही. त्याला बसून शिकवणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला तुम्ही टाकीजवळ उभं केलंय.

पाच संगणक राहू द्या. शाळेतला संगणक कार्यालयाच्या कामाला न्यायचा नाही, एवढा एक कागद काढा. चौथीची मुलं एप्रिलअखेर शाळा सोडतील. वह्यांत निम्मी नावं सापडली आहेत, उरलेल्यांसाठी पुन्हा घरं फिरतोय.

हे लिहिता लिहिता ग्रुपवर लिंक आली. शाळेतील चालू स्थितीतील संगणकांची संख्या, आज पाचच्या आत, अतितात्काळ. मी १ भरलंय. माऊस तालुक्यालाच राहिलाय, पण त्याला रकाना नव्हता.

आपली विश्वासू,
एक उपशिक्षिका